गाळणीचा काय दोष?

सीमाभागातील कोणताही दिवाळी अंक हाती घ्या, त्यात एक लेख ठरलेला. लेखकाचे नाव दरवर्षी बदलते, मजकूर मात्र तोच. पूर्वी लग्नात सनई वाजे, आता डीजे वाजतो. पूर्वी गोंधळी संबळ घेऊन येई, आता एखादे पोरगे लॅपटॉप घेऊन येते. संगणकाने सूर मारला, यंत्राने वाद्याचा आत्मा गिळला, आता आपल्या संस्कृतीचे कसे होणार? लेख संपतो. वाचक सुस्कारा टाकतो, चकलीचा तुकडा मोडतो आणि पान उलटतो. या वर्षी संपादकांनी 'आपल्याकडच्या वाद्यांवर काहीतरी लिहा' असा निरोप धाडला तेव्हा त्यांनाही बहुधा तोच लेख अपेक्षित असावा. तो मी लिहिणार नाही. कारण तो खोटा आहे, आणि खोटेपणाहून वाईट गोष्ट अशी की तो आळशी आहे.

या खटल्यातील मुख्य आरोपी कोण? तर 'फिल्टर'. कोणतेही नवे गाणे लागले की जाणकार मंडळी मान हलवून म्हणतात, 'अहो, हे सगळे फिल्टर मारलेले!' जणू दुधात पाणी घातले. फिल्टर म्हणजे नेमके काय, तो काय करतो आणि काय करू शकत नाही, हे विचारण्याच्या फंदात कोणी पडत नाही. मी हायस्कूलचा मुख्याध्यापक, एम.ए. केले ते मराठी घेऊन. ध्वनिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण उलटतपासणी न घेता आरोपीला फाशी देऊ नये एवढे न्यायशास्त्र मला कळते.

आधी सॅम्पलर म्हणजे काय ते सांगतो. खऱ्या वाद्याचा खरा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवायचा, आणि कळ दाबली की तो पाहिजे त्या स्वरात, पाहिजे तेवढ्या जोराने वाजवायचा, एवढेच त्याचे काम. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात 'फेअरलाइट' नावाचे असे यंत्र तयार झाले तेव्हा ते बड्या धनिक संगीतकारांनाच परवडे. १९९८ च्या 'गिगासॅम्पलर'पासून आणि २००२ च्या 'कॉन्टॅक्ट'पासून हेच काम साध्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरने होऊ लागले. आज त्यातली काही सॉफ्टवेअरे फुकटही मिळतात. निंबोल्यासारख्या गावातला मुलगा ती उतरवून घेऊ शकतो आणि घेतोही.

आता फिल्टर. मराठीत त्याला सरळ गाळणी म्हणावे. संबळावर एक टिपरू पडले की एक आवाज येतो असे आपल्याला वाटते. वास्तविक ती आवाजांची मोळी असते: खालचे जाड कंप, वरचे बारीक कंप, आणि काठी आपटल्याची क्षणभराची खडखड. गाळणी या मोळीतल्या काही काड्या काढून घेते. 'लो-पास' असेल तर खालचे कंप जाऊ देते आणि वरचे अडवते, 'हाय-पास' असेल तर उलट, आणि 'बँड-पास' असेल तर मधला पट्टा तेवढा राखते. कोठून अडवायचे त्या रेषेला 'कटऑफ' म्हणतात. अडवणे सौम्य की कडक, तेही ठरवता येते. सर्रास सापडणाऱ्या गाळण्या दर सप्तकाला १२ किंवा २४ डेसिबल या उताराच्या असतात. आणखी एक बटण असते, 'रेझोनन्स'. ते फिरवले की बरोबर त्या रेषेवरचे कंप फुगतात आणि आवाजाला नाक फुटते. अमेरिकेच्या रॉबर्ट मूग यांना त्यांच्या प्रसिद्ध गाळणीचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. पुढे जगभरच्या गाळण्यांनी तिचा कित्ता गिरवला.

हे सगळे कृत्रिम वाटते ना? मग असे करा. खंडवा रस्त्याने वरात चालली असेल तेव्हा घराच्या आतल्या खोलीत जाऊन बसा. गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, चाल कळत नाही, फक्त छातीत 'धम् धम्' होते. का? तुमच्या घराची भिंत हीच एक लो-पास गाळणी आहे. ५० हर्ट्झच्या कंपाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. अशा मंद कंपांना विटांची भिंत फारशी अडवू शकत नाही, बारीक कंपांना मात्र सहज अडवते. भिंत बांधणाऱ्या गवंड्याने कोणते सॉफ्टवेअर घेतले नव्हते. पूर्वीचा तारेचा टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवी. पुरुषाच्या आवाजाचा मूळ कंप त्याच्या खाली असतो, म्हणजे तो तारेतून जातच नसे. तरी 'कोण, दादा का?' असे आपण पहिल्या शब्दाला म्हणत असू. गाळलेले कान भरून काढतो.

आणि सर्वांत जुनी गाळणी तर प्रत्येकाच्या नाकाखाली आहे. एकच सूर धरा आणि सूर न हलवता 'ई' म्हणता म्हणता 'आ' वर या, मग 'ऊ' वर जा. गळा तोच, सूर तोच, मग बदलले काय? तोंडाची पोकळी. 'ई' म्हणताना पुरुषाच्या तोंडात साधारण २७० आणि २३०० हर्ट्झच्या आसपासचे कंप उठून दिसतात, 'आ' म्हणताना ७३० आणि १०९० च्या आसपासचे. अमेरिकेत पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ मध्ये ही मोजमापे प्रसिद्ध केली ती इंग्रजी बोलणाऱ्यांची. आपली थोडी वेगळी भरतील, पण तत्त्व तेच. स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी १९६० मध्ये ग्रंथ लिहून हा सिद्धान्त पक्का केला: गळा आवाज पुरवतो, तोंड गाळते. म्हणजे आपले सारे स्वर, अ पासून औ पर्यंत, गाळण्या आहेत. यापुढे जे म्हणतील की फिल्टर ही संगीताची विटंबना आहे, त्यांनी ते जबडा न हलवता म्हणून दाखवावे. उचलली जीभ लावली टाळ्याला, हीसुद्धा गाळणीच.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, मास्तर विषय सोडून उच्चारशास्त्रात शिरले. नाही. आपल्यासारख्या दोन भाषांच्या जिल्ह्यात हाच विषय आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी मांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. जमिनीवर रेघ आखली, पण कान कोणी वाटून दिले नाहीत. आमच्या वर्गात एखादे पोर घरच्या सवयीने 'शाया' म्हणते, 'डोया' म्हणते. खानदेश-वऱ्हाडाच्या लोकभाषेत 'ळ' चा 'य' होतो, त्यात त्या पोराचा गुन्हा काही नाही. पण मराठीचा मास्तर त्याला 'शाळा' म्हणायला लावतो आणि हिंदीचा मास्तर त्याचा 'शाला' करतो, कारण प्रमाण हिंदीला 'ळ' नाही. (गंमत अशी की शेजारच्या निमाडी बोलीत 'ळ' खणखणीत आहे; पण निमाडीला तरी वर्गात कोण येऊ देतो?) दोन्ही बाजूंनी गाळता गाळता त्या पोराच्या तोंडात उरते काय? काही दिवसांनी ते बोलायचेच थांबते. म्हणून 'गाळणी वाईट की चांगली' हा प्रश्नच मला बालिश वाटतो. गाळणीचे बटण कोणाच्या हातात आहे आणि त्याने मूळ आवाज कधी ऐकला आहे की नाही, हे विचारा.

आमच्या शाळेत घडलेली गोष्ट सांगतो. स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. गोंधळाचा एक प्रवेश बसवायचा होता. अकरावीतला एक मुलगा, ज्याचे वडील बुऱ्हाणपुरात लग्नाच्या बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवतात, लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, 'सर, संबळ ह्याच्यात आहे.' त्याने कळ दाबली. संबळ वाजले खरे, पण कसे? जोराने दाबली तर मोठे, हळू दाबली तर तेच बारीक. जणू पलीकडे रेडिओवर संबळ चालू आहे आणि कोणी आवाजाचे बटण वर-खाली करते आहे. आमच्या संस्कृतच्या बाईंनी तत्काळ निकाल दिला: 'सर, हे वाद्य नव्हे, हे भूत आहे.'

बाईंचा कान खरा होता, निकाल चुकीचा होता. चामड्यावर हलका हात पडला की आवाज नुसता लहान होत नाही, तो मऊ होतो. वरचे बारीक कंप उठतच नाहीत. जोराचा हात पडला की ते सगळे कंप एकदम उसळतात आणि सर्वांत आधी विझतात, मागे खालचा घुमारा तेवढा रेंगाळतो. एका मोठ्या ठोक्याची नोंद लहान करून वाजवली तर कानाला ती चोरी लगेच कळते. मुलाने दुसऱ्या दिवशी काय केले? कळ किती जोराने दाबली जाते त्याला गाळणीची रेषा बांधली. हळू दाबले की रेषा खाली, जोरात दाबले की वर. मग ठोका पडल्यावर ती रेषा हळूहळू खाली उतरत जाईल अशी व्यवस्था केली. बाई पाठमोऱ्या बसून वह्या तपासत होत्या. त्या वळल्या आणि म्हणाल्या, 'आता कोण वाजवतंय?' गाळणीने वाद्य मारले नव्हते, त्यात हात घातला होता. मुलाला हे कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते. बाप घरी ऑक्टोपॅडवर रियाज करतो, ते ऐकून त्याचा कान तयार झाला होता.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. तेवढे करूनही माझे समाधान होईना. त्या संबळाला एक झणक असते ती कोठे आहे? मुलाने सगळी बटणे फिरवून पाहिली. झणक येईना. ती येणारच नव्हती, कारण ज्याने कोणी तो ठोका मूळ नोंदवला त्याने तो 'स्वच्छ' करून नोंदवला होता. वरचा सगळा पट्टा आधीच कापलेला. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

फिल्टरवर डोळे झाकून टीका करणाऱ्यांना आणि डोळे झाकून फिल्टर वापरणाऱ्यांना, दोघांनाही एवढी एकच गोष्ट समजली तर पुष्कळ होईल. गाळणी वजाबाकी करते. रेझोनन्सने ती असलेल्याला फुगवू शकते, नसलेल्याला जन्म देऊ शकत नाही. तंबोऱ्याची जवारी घ्या. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात आणि एका तारेतून सुरांचा झराच फुटतो. ऐकणाऱ्याला वाटते, कोणी गाळणीची रेषा वरून खाली सरकवतो आहे. पण तो भास आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना हेच दाखवले की तार जेथे छेडली तेथे ज्या कंपांना शून्य असायला हवे, तेही या घोडीमुळे जोराने उठतात. जवारी नसलेले उभे करते, गाळणी असलेले कमी करते. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह मृदंग आणि तबल्याच्या शाईवर लिहिले होते. चामड्याचे कंप मुळात एकमेकांशी बेसूर. मधोमध शाईचे वजन चढवून आपल्या कारागिरांनी ते सुरात आणले. जे काम आज संगणकाच्या पडद्यावर रेघा ओढून करतात, ते आपल्याकडे भात, शाई आणि बोटांनी होत आले आहे. यंत्राशी आपले वैर जुने नाही. आळसाशी मैत्री मात्र जुनी आहे.

'पण गुरुजी, यंत्र ते यंत्रच,' असे म्हणणारे भेटतीलच. त्यांना मी पेटीची आठवण करून देतो. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे स्वर ठोकळेबाज, तिला मींड येत नाही, हा आक्षेप होता आणि तो बिनबुडाचा नव्हता. १९७१ मध्ये ती बंदी काही अंशी उठली. मधल्या तीस वर्षांत मराठी माणसाने काय केले? पेटी वाजवली. गोविंदराव टेंब्यांची परंपरा असलेल्या या भाषेने पेटीला परदेशी म्हणून हाकलले असते तर आपले नाट्यसंगीत कशावर उभे राहिले असते? लग्नातला बेंजो घ्या. तो जपानच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये काढलेल्या वाद्याचा वंशज. आज बेंजो पार्टीला कोणी जपानी म्हणेल का?

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रे समोर मांडून दहा राग वाजवले आणि त्यांची तबकडी काढली. त्यांतल्या एका यंत्राचे वैशिष्ट्यच गाळणीची बटणे वाजता वाजता फिरवणे हे होते. स्वर फिरतो तशी गाळणी फिरते, मींड घेतल्यासारखी. आपल्याकडे त्या तबकडीला कोणी विचारले नाही. शिकागोच्या तरुणांनी १९८७ च्या सुमारास तेच यंत्र, तीच बटणे फिरवून एक नवी संगीतपद्धती जगभर नेली. चरणजित सिंग यांची तबकडी २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली तेव्हा आपल्याला कळले की हा माणूस आपल्यातच होता. सोनाराने कान टोचल्याशिवाय आपल्याला ऐकू येत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण लॅपटॉपवाल्या पोरांनी एव्हाना टाळ्या वाजवायला सुरुवात केली असेल. थांबा. तुमचाही हिशेब आहे.

तयार आवाजांच्या ज्या पेट्या तुम्ही उतरवून घेता, त्यांत तबला आहे, ढोलक आहे, सतार आहे. भारतीय वाद्यांचा एक नामांकित संग्रह तर स्वित्झर्लंडमधल्या कंपनीने केला आहे आणि तो चांगला आहे. ज्याने मेहनत केली त्याचे नाव घ्यावे. पण आपल्या मुलखातले डफडे, हलगी, तुणतुणे, गोंधळ्याचे संबळ, सातपुड्यातल्या बारेला-भिलाला लोकांचा भगोरियातला मांदल, हे शोधत बसावे लागते. सापडले तरी बहुतेक वेळा धुऊन-पुसून ठेवलेले. शेकोटीवर तापवलेल्या हलगीची कडकड काढून टाकलेली, कारण कोणा अभियंत्याला ती खरखर वाटली. तुणतुण्याची गुणगुण काढून टाकलेली, कारण ती सतत चालू असते आणि यंत्राच्या मते सतत चालू असलेला आवाज म्हणजे कचरा.

हे मी अलंकारिक बोलत नाही. २०२० च्या टाळेबंदीत गाण्याच्या शिकवण्या व्हिडिओवरून सुरू झाल्या, तेव्हा गुरू इकडे तंबोरा लावून बसत आणि शिष्याला तिकडे तंबोरा ऐकूच येत नसे. सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट काढून टाकणारी गाळणी होती. पंखा, मोटारीची घरघर, यांच्यासारखा न बदलणारा आवाज दिसला की ती तो पुसून टाकी. तंबोऱ्याचा षड्ज तिच्या लेखी पंखाच होता. पुढे मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये शोधावी लागली. विचार करा. ज्या आधारावर आपले सगळे गाणे उभे आहे, तोच आधार एका गाळणीने कचरा ठरवला. तिने दुष्टपणे ठरवला नाही. तिला घडवणाऱ्यांच्या कानात तंबोरा नव्हता, एवढेच.

माझा राग आहे तो या 'स्वच्छते'वर. पोराच्या तोंडचा 'शाया' आणि हलगीची कडकड हे दोन्ही एकाच झाडूने झाडले जातात. झाडणाऱ्याला आपण घाण काढतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. आणि आपण? आपण त्या झाडूला नमस्कार करून संस्कृती बुडाल्याचे लेख लिहितो. असोदे गावच्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ऐकली तशी लिहून ठेवली होती. १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा कोणी त्यातली बोली धुऊन प्रमाण केली नाही. म्हणून आज ती आपल्यापाशी आहेत. वाद्यांच्या बाबतीत असा सोपानदेव कोठे आहे?

इथे डीजेचा मुद्दा येईल, तो लवकर संपवतो. डीजेवाल्याचा अपराध फिल्टर हा नाही, तर फिल्टर नसणे हा आहे. खालचा पट्टा फुगवून ठेवायचा आणि बटणाला हात लावायचा नाही, ही त्याची कला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. मध्य प्रदेशात डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांनी पहिल्याच आदेशात ध्वनिक्षेपकांच्या मर्यादेची आठवण करून दिली. वरातीत त्याचे काय होते ते आपण सर्व जाणतो. ज्याच्या वरातीत आपण स्वतः नाचतो त्याच्याविरुद्ध लेख लिहिणे मला जमत नाही.

मग करायचे काय? मूळ नोंद करायची, आणि ती न गाळता. आमच्या इकडच्या कुंडी भंडाऱ्याची रचना आठवा. १६१५ च्या सुमाराची ती. सातपुड्यावर पडलेला पाऊस थराथरांतून झिरपत खाली येतो आणि जमिनीखालच्या बोगद्यातून कुंड्याकुंड्यांनी शहराकडे येतो. झिरपण्याआधी पाऊस पडावा लागतो, हे तो बांधणाऱ्याला ठाऊक होते. ज्यांना हे करायचे असेल त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मोबाईलवर नोंद करताना आवाज 'सुधारणारी' सोय आधी बंद करा. तीच पहिली चोर. फाईल आकसून ठेवू नका, मोठी राहू द्या. प्रत्येक ठोका हलका, मध्यम आणि जोराचा असा निदान तीनदा वेगवेगळा घ्या, म्हणजे गाळणीला कमी खोटे बोलावे लागेल. एकदा जवळून घ्या, एकदा दहा पावलांवरून. अंगणातला संबळ आणि खोलीतला संबळ हे दोन संबळ आहेत. वाजवणाऱ्याने मध्ये खोकला काढला तरी पुसू नका. आणि मूळ नोंदीला कधी गाळणी लावू नका. लावायची ती तिच्या नकलेला. आजीच्या ओव्यांना हाच नियम. तिच्या आवाजाखालची गाड्यांची घरघर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे कापून काढता येते, पण जात्याची घरघर काढू नका. त्या ओवीचा ठेका जातेच धरते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल लॅपटॉपवाली पोरे बोलत नाहीत आणि संस्कृतीवाले तर त्याहून बोलत नाहीत. ती म्हणजे पैसे. रावेर तालुक्यातल्या एका गोंधळ्यांना आम्ही शाळेत बोलावले. दोन दिवस त्यांच्या संबळाचे ठोके नोंदवले. झणक आली, पुरेपूर आली. संस्कृतच्या बाईंनी स्वतः माइक धरला होता. शेवटी ठरलेली रक्कम हातात दिली. त्यांनी ती मोजली, कनवटीला लावली, लॅपटॉपकडे बोट केले आणि विचारले, 'सर, मंग मले आता कोन बलावीन?'

या प्रश्नाला सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही आणि मी त्यांना खोटा दिलासाही दिला नाही. यंत्र काही जणांचे काम घेते. पेटीने सारंगियांचे घेतले, ऑक्टोपॅडने ढोलकीवाल्यांचे घेतले. शिक्षक म्हणून माझ्या हातात जेवढे होते तेवढे केले. शाळेच्या दप्तरात एक कागद केला. त्यावर लिहिले की हे ठोके अमुक गावच्या अमुक गोंधळ्यांचे आहेत, शाळेबाहेर कोणाला द्यायचे झाले तर त्यांना विचारून आणि मोबदला देऊन द्यायचे, आणि जेथे जेथे वाजतील तेथे नाव सांगायचे. त्यांनी अंगठा नव्हे, सही केली. संमेलनात आधी अर्धा तास ते स्वतः वाजवतील आणि मग पोरांचा लॅपटॉप, असेही ठरले. गेल्या जानेवारीत तसेच झाले. अर्ध्या तासाचे सव्वा तास झाले आणि पोरांचा कार्यक्रम रात्री साडेनऊला सुरू झाला. दहानंतर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, हा नियम आमच्याच शाळेच्या फळ्यावर मी लिहिलेला असल्याने दोन गाणी कापावी लागली. पोरे अजून माझ्यावर रागावून आहेत.